ऊन, पाहुणे आणि झेंडावंदन: नागपुरात १ मेचा कार्यक्रम कसा बसवावा

नागपुरात महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम बिघडवणाऱ्या गोष्टी दोनच. एक ऊन, दुसरे पाहुणे. त्यातल्या त्यात ऊन निदान वेळेवर येतं. सकाळी नऊलाच अंगण तापलेलं असतं, लहान पोरं सतरंजीवर चुळबुळ करत असतात, आणि माईकवर कोणीतरी म्हणत असतं, "साहेब निघालेत, पोहोचतीलच पाच मिनिटांत." हे टाळता येतं. त्यासाठी पैसा लागत नाही, फक्त तयारीचा क्रम बदलावा लागतो. आपल्याकडे आधी पाहुणा ठरतो, मग त्याच्या सोयीने वेळ ठरते आणि शेवटी उरलेल्या जागेत कार्यक्रम कोंबला जातो. खाली हाच क्रम उलटा करून सांगितला आहे. लेआउटमधलं (म्हणजे वसाहतीतलं) नागरिक मंडळ, ज्येष्ठ नागरिक मंडळ, हास्य क्लब, महिला मंडळ, रोटरी-लायन्ससारखे क्लब, कोणालाही तो चालेल.

पहिलं काम: घड्याळ

१ मेला जिल्ह्याचा मुख्य शासकीय ध्वजारोहण सोहळा सकाळी ८ वाजता असतो, बहुधा पालकमंत्र्यांच्या हस्ते. त्याला सगळ्यांना जाता यावं म्हणून ७.१५ ते ९ या वेळात दुसरे ध्वजारोहणाचे समारंभ ठेवू नयेत, ज्यांना आपापला करायचा आहे त्यांनी तो ७.१५ च्या आधी किंवा ९ नंतर करावा, अशी सूचना शासनाच्या परिपत्रकात असते. बऱ्याच मंडळांना हे माहीतच नसतं आणि ती नेमकी आठची वेळ छापून मोकळी होतात.

मुंबई-पुण्यात ९ नंतरचा पर्याय बरा असेल. इथे नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात नागपूरचा पारा ४२-४३ च्या पुढे जाणं नवलाचं नाही, आणि साडेनऊला उघड्या मैदानावर म्हाताऱ्या माणसांना उभं करणं म्हणजे आजार ओढवून घेणं. म्हणून झेंडावंदन ६.३० ला ठेवा. सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, उजेड भरपूर असतो, हवा सुसह्य असते. ७.१० ला सगळं आटोपून लोक पोह्यांच्या रांगेत उभे दिसले पाहिजेत.

भाषणं, सत्कार, गाणी, मुलांच्या स्पर्धा हा सगळा भाग संध्याकाळी ६.३० नंतर न्या. सकाळचा कार्यक्रम वस्तीचा, संध्याकाळचा पाहुण्यांचा, अशी सरळ वाटणी. दिवसभर मधे काही ठेवायचंच असेल तर सीताबर्डीचा किल्ला. एरवी तो लष्कराच्या ताब्यात, सर्वसामान्यांना बंद असतो. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी लोकांसाठी उघडतात. १८१७ ची इंग्रज-भोसले लढाई जिथे झाली ती टेकडी मुलांना दाखवायची संधी सोडू नका. पण त्या वर्षीच्या वेळा वर्तमानपत्रात पाहून घ्या, ओळखपत्र सोबत ठेवा, आणि दहाच्या आत घरी परतण्याच्या बेताने निघा.

पाहुणा कोण, आणि त्याला काय सांगायचं

सकाळी पदाधिकारी मिळणं अवघड. मंत्री, जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त, महापौर हे सगळे मुख्य सोहळ्यात अडकलेले असतात, आमदार-नगरसेवकांच्या पाठीशी दहा ठिकाणची निमंत्रणं असतात. मग कशाला त्यांच्या मागे लागायचं? झेंडा कोणी फडकवावा याचा मान पदावरच ठरतो असा कुठलाही कायदा नाही.

१ मे हा कामगार दिनही आहे. ज्या शहरात १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, मॉडेल मिलच्या भोंग्यावर ज्याची अर्धी वस्ती उठत होती, त्या शहरातल्या मंडळांना हे वेगळं सांगावं लागू नये. तुमच्या गल्लीत रोज पहाटे झाडणारी सफाई कामगार, निवृत्त गिरणी कामगार, एसटीचा चालक, सरकारी दवाखान्यातली परिचारिका, यांच्यापैकी कोणाच्या हातात दोरी द्या. मात्र त्यांना आठ दिवस आधी घरी जाऊन, रीतसर पत्र देऊन बोलवा. ऐनवेळी झाडू बाजूला ठेवायला लावून "या ताई, ओढा दोरी" म्हणणं हा मान नव्हे.

संध्याकाळच्या पाहुण्यासाठी मार्चअखेरीस पत्र द्या. लोकप्रतिनिधी असतील तर पत्र कार्यालयात देऊन पोच घ्या, एक प्रत पी.ए.च्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, आठ दिवस आधी आणि आदल्या दिवशी आठवण करा. पत्रात स्तुती कमी आणि माहिती जास्त असावी. नमुना असा:

"महोदय, आमच्या नागरिक मंडळातर्फे शुक्रवार, दि. १ मे रोजी सायंकाळी ६.३० वाजता महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम आयोजित केला आहे. आपण प्रमुख पाहुणे म्हणून यावे ही विनंती. आपले भाषण ६.५५ वाजता असून त्यासाठी १२ मिनिटांचा वेळ राखला आहे. 'आपल्या भागातले पाणी आणि सार्वजनिक जागा' या विषयावर आपण बोलावे अशी रहिवाशांची इच्छा आहे. श्रोते सुमारे दोनशे, त्यांत निम्मे ज्येष्ठ नागरिक व मुले आहेत. कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू होईल. आपणांस उशीर झाल्यास आपले भाषण आपण आल्यावर, सुरू असलेला भाग संपताच घेऊ."

शेवटचं वाक्य लिहायला मंडळाचे अध्यक्ष बिचकतात. लिहा. राजकारणातली माणसं याला रागावत नाहीत, उलट त्यांना सुटका वाटते. रागावतात ते त्यांच्याभोवतीचे कार्यकर्ते, आणि त्यांना पाणी द्यावं.

निमंत्रण पत्रिकेवर नावांची उतरंड लावण्यातच निम्मी भांडणं होतात. माजी आधी की आजी, डॉक्टर आधी की अ‍ॅडव्होकेट, कोणाचं नाव कोणाच्या खाली. बोलणाऱ्या माणसाचं एकच नाव छापा आणि खाली 'सर्व रहिवासी' लिहा. ज्यांना यायचं ते येतात.

सत्काराबद्दल एकच विनंती. ४३ अंशांत माणसाला शाल पांघरू नका! सुती पंचा द्या, पुस्तक द्या. रोपटं देण्याचीही फॅशन आहे, पण नागपुरात मेमध्ये दिलेलं रोपटं जूनपर्यंत जगवणं कठीण. त्याऐवजी 'पहिल्या पावसानंतर तुमच्या नावाने ताम्हण लावू' अशी चिठ्ठी द्या आणि खरंच लावा. ताम्हण हे आपलं राज्यपुष्प. एप्रिल-मेमध्येच त्याला जांभळा बहर येतो, तेव्हा कोणाच्या आवारात झाड असेल तर टेबलावर बाजारच्या बुकेऐवजी त्याचाच एक तुरा ठेवा.

निवडणुकीच्या वर्षी वेगळी काळजी घ्या. २०१९ ला नागपूरचं मतदान ११ एप्रिलला झालं, २०२४ ला १९ एप्रिलला. दोन्ही वेळा आपल्याकडची मतदानयंत्रं सीलबंद झाली होती, तरी देशभरातली प्रक्रिया चालू असल्याने १ मेला आचारसंहिता लागूच होती. "आपलं तर झालं मतदान" असं म्हणून उमेदवाराला मंचावर बसवण्याआधी निवडणूक कार्यालयात विचारून घ्या. त्या वर्षी साहित्यिक, प्राध्यापक, खेळाडू बरे.

क्लबवाल्यांसाठी एक गोष्ट. रोटरी आणि लायन्स दोन्हींचं वर्ष ३० जूनला संपतं. म्हणजे मे महिन्यात मावळत्या अध्यक्षांना जाता जाता एखादा मोठा उपक्रम करून दाखवायचा असतो. तुमचं मंडळ लहान असेल तर मार्चमध्येच अशा क्लबकडे जा. आरोग्य तपासणीचं टेबल किंवा पिण्याच्या पाण्याची सोय ते आनंदाने उचलतात. अट एवढीच की त्यांचा बॅनर राज्याच्या नावापेक्षा मोठा नको.

परवानग्या

कंटाळवाणं आहे, पण लवकर उरकतं. मैदान किंवा बगीचा महापालिकेचा असेल तर आपल्या झोन कार्यालयात अर्ज, नागपूर सुधार प्रन्यासचा असेल तर तिकडे. लेआउटमधली मोकळी जागा नेमकी कोणाच्या ताब्यात आहे हे आधी शोधा, नाहीतर दोन कार्यालयं तुम्हाला एकमेकांकडे पाठवत राहतील. ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्यात ठाणेदारांच्या नावे अर्ज. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र. रस्त्यावर मंडप टाकू नका; वाहतुकीची परवानगी हा स्वतंत्र व्याप आहे.

वीज कोणाच्या घरून घेणार ते लेखी ठरवा आणि त्यांना बिलाचे पैसे आगाऊ द्या. तारेवर आकडा टाकणारा हुशार माणूस प्रत्येक मंडळात असतो, त्याला दुसरं काम द्या. फ्लेक्स लावायचाच तर परवानगी घेऊन, आणि खांबावर-झाडावर नाही.

मंडपवाल्याला दोन गोष्टी बजावा. वर हिरवी जाळी हवी, प्लास्टिकचं कापड नको, त्याखाली माणूस उकडतो. आणि दोर पक्के बांधायचे. एप्रिल-मेच्या संध्याकाळी इथे अचानक वावटळ सुटते, दोन मिनिटांत धूळ, मग चार थेंब, आणि वीज गायब. कनाती उडून गाड्यांवर पडतात. म्हणून संध्याकाळसाठी जवळची शाळा किंवा समाजभवन राखीव म्हणून बोलून ठेवा, आणि बॅटरीवर चालणारा एक माईक हाताशी असू द्या.

झेंडा

इथे घाई करू नका, कारण सगळ्यांचे मोबाइल याच क्षणावर रोखलेले असतात.

आदल्या संध्याकाळी झेंडा टेबलावर पसरा. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२. चुरगळलेला असेल तर इस्त्री करा. कडा उसवलेला, रंग उडालेला झेंडा लावायचाच नाही. २००२ च्या ध्वजसंहितेत डिसेंबर २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून यंत्रावर विणलेला आणि पॉलिस्टरचाही चालतो, पण खादीचा जो डौल आहे तो आहेच. झेंड्याच्या खांबाकडच्या कडेला शिवलेल्या पांढऱ्या पट्टीतून जी दोरी जाते तिच्या एका टोकाला लाकडी गुल्ली असते. ते टोक केशरी बाजूचं, म्हणजे वर जाणारं. बहुतेक उलट्या झेंड्यांचं मूळ इथे आहे: अंधारात, घाईत, गुल्ली खालच्या दोरीला अडकवली जाते.

मग घडी. झेंडा आडवा धरून केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे दुमडा, नंतर दोन्ही बाजूंनी आत आणा, मधे मूठभर पाकळ्या ठेवा. पाकळ्यांना संहितेची हरकत नाही. झेंडूच्या अख्ख्या फुलांऐवजी गुलाबाच्या सुट्या पाकळ्या घ्या. अख्खी फुलं जड असतात, ती एकदम धपकन खाली येतात आणि घडीही अडवतात. पुडकं बांधताना दोरीचे दोनच वेढे आणि शेवटी एका झटक्यात सुटणारी गाठ, बुटाच्या लेसची अर्धी गाठ असते तशी. दुसरा वेढा घट्ट करायचा मोह आवरा. आता पुडकं खांबावर चढवा आणि ओढून पाहा. सुटलं? पुन्हा बांधा, पुन्हा ओढा. ज्यांच्या हस्ते फडकवायचा आहे त्यांनाच दोनदा ओढायला लावा, म्हणजे सकाळी हात थरथरणार नाही. कप्पीत तेलाचे दोन थेंब सोडा. सकाळी दोरीची दोन टोकं वेगवेगळ्या रंगाच्या फितीने ओळखू येतील असं करा. कोणती ओढायची हा गोंधळ भल्याभल्यांचा होतो.

खांबावर दुसरा कुठलाही झेंडा नको, ना मंडळाचा, ना क्लबचा, ना भगवा. शेजारी उंच खांबावरही नको. २०२२ पासून नागरिकांना घरी किंवा मोकळ्या जागेत दिवसरात्र झेंडा ठेवता येतो, तरी मंडळाने सूर्यास्ताआधी उतरवलेला बरा, रात्री लक्ष कोण ठेवणार? उतरवताना सावकाश, जमिनीला न लागता.

गीत, बॅनर आणि निवेदकाचा कागद

झेंडा फडकताच राष्ट्रगीत, ५२ सेकंद. त्यानंतर राज्यगीत. १९ फेब्रुवारी २०२३ पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' हे अधिकृत राज्यगीत आहे. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचं संगीत, शाहीर साबळे यांचा आवाज. राजा बढे जन्माने नागपूरचे, हे निवेदकाने जरूर सांगावं, कारण आपल्या लोकांनाच ते ठाऊक नसतं. राज्यगीत म्हणून स्वीकारलेलं रूप पावणेदोन मिनिटांत संपतं. जुनं अख्खं ध्वनिमुद्रण लावलं की लोक मधेच बसावं की उभं राहावं या पेचात पडतात. राज्यगीतालाही सावधान उभं राहायचं असतं, आजारी आणि वयस्कर माणसांना त्यातून सूट आहे.

सहाच्या आधी भोंगा लावता येत नाही, तर प्रभातफेरी खंजिरी-टाळांवर काढा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या मुलखात खंजिरी वाजवणारा माणूस शोधावा लागत नाही.

बॅनरवरच्या चुका ठरलेल्या आहेत. 'कितवा वर्धापन दिन' यावर वाद होतोच, म्हणून 'स्थापनेला इतकी वर्षं पूर्ण' असं लिहा: चालू वर्षातून १९६० वजा करा, २०२६ ला ६६. दुसरी गल्लत भाषेच्या दिवसांची. २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन, आणि १ मे हा मराठी राजभाषा दिन. हुतात्म्यांचा आकडा छापील मजकुरात कुठे १०५, कुठे १०६, कुठे १०७ आढळतो. 'संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांना अभिवादन' एवढं पुरे. बॅनरवर भावी नेत्यांची मुंडकी नकोत.

'विदर्भाचं काय?'

हा प्रश्न नागपुरात येणारच. विदर्भवादी संघटना या दिवशी निषेध करतात, काळ्या फिती लावतात, आणि तुमच्या श्रोत्यांत त्यांना मानणारे दोन-चार जण हमखास असतात. आयोजकांची सवय अशी की माईक बंद करायचा. मला उलट वाटतं: दहा मिनिटं त्यालाच द्या आणि इतिहास जाणणाऱ्या एखाद्या निवृत्त शिक्षकाला सरळ तारखा सांगू द्या.

१९५६ पर्यंत नागपूर हे जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला, त्यात विदर्भाला निधी आणि नोकऱ्यांमध्ये वाटा, दरवर्षी काही काळ सरकारचा मुक्काम नागपुरात आणि विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे, अशी आश्वासनं होती. १९५५ ला राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली, ती मान्य झाली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आले. वेगळ्या विदर्भाचा आग्रह धरणारे लोकनायक बापूजी अणे १९६२ ला नागपुरातूनच लोकसभेवर निवडून आले. डिसेंबरातलं हिवाळी अधिवेशन, मोर्चे, सिव्हिल लाइन्समधली बंद रस्त्यांची कटकट, हे सगळं त्या करारातून आलेलं आहे हे कळलं की कॉलेजची पोरंही कान टवकारतात. प्रश्न घ्या, उत्तरं घ्या, घोषणा झाल्या तर होऊ द्या, आणि वेळ संपली की पुढच्या गाण्याकडे वळा.

संध्याकाळ

प्रश्नमंजूषा ठेवा, पण 'महाराष्ट्राची राजधानी कोणती' छापाची नको. आमच्याकडे चालतात असे काही प्रश्न: महाराष्ट्राबरोबर त्याच दिवशी कोणतं राज्य जन्मलं? (गुजरात. इतवारी-वर्धमाननगरकडच्या मंडळांनी गुजराती शेजाऱ्यांबरोबर कार्यक्रम एकत्र केला तर दोन्हीकडचं जेवण मिळेल.) १ मे हाच वाढदिवस असलेले जिल्हे कोणते? सिंधुदुर्ग आणि जालना १९८१ चे, गोंदिया आणि हिंगोली १९९९ चे. स्थापनेच्या वेळी २६ जिल्हे होते, आज ३६. विदर्भाचे ८ होते, ११ झाले, तर नवे तीन कोणते? गडचिरोली, वाशीम, गोंदिया. विदर्भातले मुख्यमंत्री सांगा, यावर मारोतराव कन्नमवार आणि वसंतराव नाईक ही नावं आजोबा लोक ओरडून सांगतात. मुलांना जिल्ह्यांच्या रेषा असलेला कोरा नकाशा देऊन विदर्भ रंगवायला लावणं हा सगळ्यात स्वस्त आणि हिट प्रकार.

मनोरंजनासाठी ऑर्केस्ट्रा बोलावण्याआधी खडी गंमत किंवा दंडार या विदर्भातल्या लोककलांचा विचार करा. झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातला, नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीपर्यंत ओसरतो, म्हणजे मेमध्ये वडसा-ब्रह्मपुरीकडचे कलावंत मोकळे असतात. सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात चौकशी केली तर लोककलावंतांची माहिती मिळू शकते. मानधन, गाडीभाडं आणि रात्रीचा मुक्काम तिन्ही आधी ठरवा आणि मानधन कार्यक्रम संपताच हातात द्या. 'हार घालून बोळवण' हा प्रकार नको.

खाणं सकाळी तर्री-पोहे, दुसरं काही सुचवू नका, भांडणं होतील. सोबत ताक. संध्याकाळी कैरीचं पन्हं आणि वडाभात. सांबारवडीचा आग्रह कोणी धरेल, पण मेमधला सांबार, म्हणजे कोथिंबीर, महाग आणि मरगळलेला असतो. टेबलावर शोभेला संत्री मांडण्याचाही हा हंगाम नव्हे. संत्रा बर्फी आणा. पाण्याचे माठ आदल्या रात्रीच भरून ठेवा, बाजूला ओआरएसची पाकिटं आणि एक ओला टॉवेल.

दुसऱ्या दिवशी

मैदान त्याच रात्री साफ करा. मुलांच्या हातातल्या कागदी झेंड्यांसाठी निघण्याच्या वाटेवर खोकं ठेवा, नाहीतर ते सकाळी नालीत सापडतात. प्लास्टिकचे झेंडे वाटूच नका. वर्गणी पावतीवरच घेतलेली असू द्या आणि आठ दिवसांत जमाखर्च फलकावर आणि ग्रुपवर टाका, उरलेल्या शिलकीसह. पंचा, पुस्तकं, वडाभात अशा खर्चांवर कोणी कुरकुर करणार नाही. कुरकुर होते ती 'किरकोळ' या नोंदीवर, म्हणून तो शब्द हिशोबात वापरू नका. खांब, जाळी, माठ कोणाच्या घरी ठेवले ते वहीत लिहा, आणि मृगाचा पाऊस पडला की ताम्हणाच्या रोपांसाठी रोपवाटिकेत कोण जाणार त्याचं नावही.